छोट्या हॉलमध्ये हालचालींवर चालणारे व्हिडिओ गेम : जागा मोजण्यापासून पहिल्या खेळापर्यंत

कोथरूडमधील आमच्या वन बीएचके फ्लॅटचा हॉल १० बाय १३ फुटांचा आहे. चार वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टामुळे, आणि थोड्या माझ्याही हौसेमुळे, आम्ही कॅमेऱ्यावर चालणारा एक जुना गेमिंग सेट विकत घेतला. घरी आणून जोडला, टीव्हीसमोर उभे राहिलो आणि पडद्यावर मागे सरकण्याची सूचना आली. मागे सरकलो तर पिंढऱ्या सोफ्याला टेकल्या. सोफा आधीच भिंतीला लागलेला असल्यामुळे तो हलवण्याचा प्रश्नच नव्हता. अखेर मुलगा सोफ्याशेजारच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला, तेव्हा कुठे यंत्राला त्याचे पाय दिसले. त्या दाराच्या चौकटीत हात पसरायला जागा नव्हती, म्हणून खेळ तिथेच थांबला.

यंत्र चांगले होते, आमचा क्रम चुकला होता. आधी यंत्र घेतले आणि मग जागा मोजली. पुण्यातील बहुतेक घरांचे हॉल याच मापाच्या आसपासचे असतात आणि त्यातच सोफा, टीपॉय, शोकेस, कधी दिवाण, कधी देवघरही असते. अशा हॉलमध्ये हे खेळ उत्तम खेळता येतात, पण त्यासाठी काही गोष्टी ठराविक क्रमाने कराव्या लागतात. तो क्रम येथे सविस्तर देत आहे.

१. दुकानात जाण्याआधी जागा मोजा

हॉलचे माप आणि खेळण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल्डरच्या नकाशावरील आकडा येथे उपयोगाचा नाही. टेप घ्या आणि टीव्ही युनिटच्या पुढच्या कडेपासून सोफ्याच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. आमच्याकडे टीव्ही लांब भिंतीवर आहे, त्यामुळे त्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत अंतर मिळते १० फूट. त्यातून टीव्ही युनिटचे दीड आणि सोफ्याचे तीन फूट वजा केले की उरतात साडेपाच फूट. हाच तुमचा खरा आकडा आहे आणि पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून राहतील, म्हणून तो कागदावर लिहून ठेवा.

त्यानंतर स्वतःचे वर्तुळ काढा. टीपॉय बाजूला करून मोकळ्या जागेच्या मध्यभागी उभे राहा, हातात टीव्हीचा रिमोट धरून हात खांद्याच्या रेषेत पूर्ण ताणा आणि सावकाश गोल फिरा. दुसऱ्या कोणीतरी रिमोटच्या टोकाखाली फरशीवर खडूने किंवा रांगोळीने रेष ओढत जावे. आमच्याकडे हे काम आईने केले. माझे वर्तुळ जेमतेम साडेपाच फुटांचे भरले, परंतु एक पाऊल पुढे टाकून हात फिरवला तेव्हा ते सात फुटांच्या पुढे गेले. खेळाच्या भरात पाऊल पुढे पडतेच, त्यामुळे दुसरे वर्तुळ हेच खरे समजावे. त्या रेषेच्या आत टीपॉयचा कोपरा, शोकेसची काच, फुलदाणी किंवा टीव्हीचा पडदा येत असेल, तर ती वस्तू तरी हलवावी लागेल किंवा उभे राहण्याची जागा तरी बदलावी लागेल.

येथे एक उपाय सुचवते, जो आम्हाला फार उशिरा सुचला. १० बाय १३ फुटांच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर १६ फुटांहून अधिक असते. टीव्ही भिंतीला ठोकलेला नसेल आणि चाकांच्या किंवा हलवता येणाऱ्या स्टँडवर असेल, तर खेळण्यापुरता तो कोपऱ्यात तिरका ठेवून पाहा. सोफा जागचा न हलवता आम्हाला यातून जवळजवळ अडीच फूट जास्त मिळाले. भाड्याच्या घरात तर भिंतीला भोके पाडण्यापेक्षा हाच मार्ग सोयीचा असतो.

२. यंत्राला तुमची हालचाल कशी कळते ते समजून घ्या

ही पायरी अनेक जण गाळतात, कारण दुकानातील माणूस ‘सगळे सारखेच असते’ असे सांगतो. सगळे सारखे नसते, आणि छोट्या हॉलच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो.

पहिल्या प्रकारात सेन्सर तुमच्या हातातील कंट्रोलरच्या पोटातच असतात. निन्टेंडो स्विच हे यंत्र २०१७ मध्ये आले. त्याच्या जॉय-कॉन नावाच्या छोट्या कंट्रोलरमध्ये वेगातील बदल ओळखणारा ऍक्सेलरोमीटर आणि वळणे ओळखणारा जायरोस्कोप असे दोन सेन्सर आहेत. त्याला टीव्हीजवळ कॅमेरा लागत नाही, त्यामुळे तुम्ही टीव्हीपासून चार फुटांवर आहात की दहा फुटांवर, याने फारसा फरक पडत नाही. त्याहून महत्त्वाची बाब अशी की या सेन्सरना तुमचा हात किती लांब गेला हे दिसतच नाही; कंट्रोलर किती झटक्यात हलला आणि कोणत्या दिशेला वळला एवढेच त्यांना कळते. त्यामुळे टेनिसचा फटका मारण्यासाठी संपूर्ण हात भिरकावण्याची गरज नसते. कोपर बरगडीजवळ ठेवून मनगट नेमक्या क्षणी झटकले तरी पडद्यावर फटका बसतो. लहान जागेत खेळणाऱ्याने सर्वांत आधी शिकावे असे हे तंत्र आहे. ज्याला व्यायामासाठी पूर्ण हात फिरवायचा आहे त्याने जरूर फिरवावा, परंतु जागा नसताना तसे करण्याची सक्ती यंत्र करत नाही.

दुसरा प्रकार निन्टेंडो वी या २००६ मध्ये आलेल्या यंत्राचा. यात टीव्हीवर किंवा टीव्हीखाली एक पट्टी ठेवावी लागते. तिला सगळे ‘सेन्सर बार’ म्हणतात, पण तिच्यात सेन्सर नसतोच. तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारे बारीक दिवे असतात आणि तो प्रकाश पाहणारा कॅमेरा रिमोटच्या नाकाशी असतो. पट्टीची वायर तुटलेली असेल तर तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या तरी पडद्यावर नेम दाखवणारा हात हलतो, इतके हे साधे आहे. पडद्यावर नेम धरण्यासाठी ही पट्टी लागते. हात फिरवण्याची हालचाल मात्र रिमोटमधील सेन्सरच ओळखतो. सुरुवातीच्या रिमोटमध्ये जायरोस्कोप नव्हता. तो २००९ मध्ये मोशन-प्लस या जोडणीच्या रूपाने आला, म्हणून जुना सेट घेताना मोशन-प्लस आहे का हे विचारून घ्यावे. टीव्हीपासून तीन फुटांपलीकडे उभे राहिले की या यंत्राचे काम चालते.

तिसऱ्या प्रकारात कॅमेरा तुमच्याकडे पाहतो. प्लेस्टेशन मूव्ह आणि एक्सबॉक्स ३६० चे काइनेक्ट ही दोन्ही २०१० मध्ये आली. मूव्हच्या कांडीच्या टोकाला रंग बदलणारा प्रकाशाचा गोळा असतो आणि कॅमेरा त्या गोळ्याचा माग ठेवतो. काइनेक्टमध्ये हातात काहीच धरायचे नसते. ते अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने तुमच्या संपूर्ण शरीराची आकृती ओळखते. याच कारणाने त्याला तुमचे संपूर्ण शरीर दिसावे लागते, आणि आमची फसगत झाली ती नेमकी येथेच. एका खेळाडूसाठी सुमारे ६ फूट आणि दोघांसाठी सुमारे ८ फूट अंतर ठेवावे अशी त्याच्या निर्मात्यांचीच सूचना आहे. त्याच्या कॅमेऱ्याचा कोन आडवा ५७ अंश आणि उभा ४३ अंश आहे, म्हणजे तुम्ही जितक्या अंतरावर उभे असाल त्याच्या साधारण आठ-दशांश उंचीचा भाग त्याला दिसतो. ६ फुटांवर पावणेपाच फूट, ८ फुटांवर सव्वासहा फूट. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला पावलांपासून डोक्यापर्यंत दिसण्यासाठी सात फुटांवर उभे राहावे लागते आणि हात वर करायचा असेल तर आणखी मागे. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनबरोबर आलेले दुसरे काइनेक्ट सुमारे साडेचार फुटांपासून काम करते, त्यामुळे छोट्या खोलीत ते तुलनेने बरे पडते. मात्र त्याचे उत्पादन २०१७ मध्ये बंद झाले, आणि एक्सबॉक्स वनच्या नंतरच्या एस व एक्स या मॉडेलना ते जोडण्यासाठी स्वतंत्र अडॅप्टर लागतो, ज्याचेही उत्पादन आता होत नाही.

डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटचा विचार करत असाल, तर त्यासाठी २ मीटर लांब आणि २ मीटर रुंद अशी पूर्ण मोकळी जागा सुचवलेली असते. एका जागी उभे राहून किंवा बसून खेळण्याची सोय त्यात असते. पण खेळणाऱ्याला घरातली माणसे सहसा दिसत नाहीत. ज्या हॉलमधून स्वयंपाकघर, बेडरूम आणि गॅलरी अशी सगळ्यांची ये-जा असते, तेथे मी त्याची शिफारस करणार नाही.

३. जागेप्रमाणे यंत्र निवडा

टीव्ही आणि सोफा यांच्यातील मोकळे अंतर साडेपाच फुटांपर्यंत असेल तर स्विच किंवा वी घ्या. कॅमेऱ्याच्या वाटेला जाऊ नका. सहा-सात फूट असेल तर मूव्ह किंवा दुसरे काइनेक्ट चालू शकेल. आठ फुटांच्या पुढे जागा असेल तरच दोघांनी मिळून खेळण्यासाठी पहिल्या काइनेक्टचा विचार करावा. घरात ज्येष्ठ व्यक्ती असतील आणि बटणांची सवय कोणालाच नसेल तर काइनेक्ट त्यांना सर्वांत सोपे वाटते, हे खरे आहे. परंतु साडी, ओढणी किंवा लांब गाऊन यांमुळे पायांची आकृती झाकली जाते आणि यंत्राचा गोंधळ होतो, हेही लक्षात ठेवावे.

पैसे खर्च न करता अंदाज घ्यायचा असेल तर नाचाच्या ‘जस्ट डान्स’ या खेळाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत स्मार्टफोनच कंट्रोलर म्हणून हातात धरता येतो. मित्राच्या घरी तसा खेळ असेल तर एक संध्याकाळ तो खेळून पाहा आणि मग ठरवा.

४. खरेदी करताना काय पाहावे

यांतील जुनी यंत्रे आता वापरलेलीच मिळतात, आणि स्विचही बऱ्याचदा बाहेरून आयात केलेला असतो. म्हणून पुढील गोष्टी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

- मूळ खरेदीचे बिल किंवा त्याची प्रत. यंत्राच्या मागील अनुक्रमांक बिलावरील क्रमांकाशी जुळवून पाहा. वापरलेली वस्तू विकणाऱ्याकडे बिल नसेल तर निदान त्याच्याकडून सही-तारखेसह पावती लिहून घ्या.
- दुकानाची वॉरंटी असेल तर ती कोण देणार, किती महिन्यांची आणि दुरुस्ती पुण्यात होणार की बाहेर पाठवणार, हे बिलावरच लिहून घ्या.
- पॉवर अडॅप्टरवरील बारीक अक्षरांतील ‘इनपुट’ची ओळ. तिचा फोटो काढून घ्या.
- यंत्र जगाच्या कोणत्या विभागासाठी (अमेरिका, युरोप वगैरे) बनले आहे त्याची खात्री.
- चालू अवस्थेतील प्रात्यक्षिक, तेही प्रत्येक कंट्रोलर हातात घेऊन.

अडॅप्टरच्या मुद्द्यावर थोडे थांबते. आपल्याकडे घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. स्विचचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे तो कोणत्याही देशातून आला तरी फक्त पिन बदलावी लागते. परंतु वी आणि एक्सबॉक्स ३६० यांचे अमेरिकेत विकले गेलेले अडॅप्टर तेथील १२० व्होल्टच्या आसपासच्या पुरवठ्यासाठी बनवलेले आहेत. आमच्या नात्यातील एका घरी परदेशातून आलेला असाच एक सेट केवळ पिन बदलणारा तुकडा लावून थेट भिंतीतील सॉकेटमध्ये खुपसला गेला. एक ठिणगी, जळका वास, आणि अडॅप्टर कायमचा बंद. त्यांना पिन विकणाऱ्या माणसाने व्होल्टेजचा विषयच काढला नव्हता. असा सेट तुमच्याकडे आला असेल तर व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची क्षमता यंत्राला लागणाऱ्या वॅटपेक्षा पुरेशी जास्त असावी लागते. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत असे ट्रान्सफॉर्मर, २३० व्होल्टचे बदली अडॅप्टर, एचडीएमआय केबल आणि जुन्या यंत्राच्या तीन रंगांच्या वायरी नव्या टीव्हीला जोडणारी डबी असे सगळे साहित्य विचारता येते. जाताना अडॅप्टरचा आणि टीव्हीच्या मागील सॉकेटांचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, म्हणजे दुसरी फेरी वाचते. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून कंट्रोलर घेणार असाल तर सेल सोबत ठेवा. वीच्या रिमोटला साधे दोन डबल-ए सेल लागतात आणि ते घातल्याशिवाय रिमोट जिवंत आहे की नाही हे कळत नाही.

आणखी तीन फसगती सांगते. वीच्या डिस्क विभागानुसार बांधलेल्या असतात, त्यामुळे अमेरिकेची डिस्क युरोपसाठीच्या यंत्रावर चालत नाही. यंत्र आणि डिस्क एकाच विभागाचे घ्या. स्विच लाइट हे स्वस्त मॉडेल टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, त्यामुळे आपल्या कामासाठी ते निरुपयोगी आहे. आणि २०१० पूर्वीच्या जाड एक्सबॉक्स ३६० ला काइनेक्ट जोडायचे तर त्याचा वेगळा वीजपुरवठ्याचा अडॅप्टर सोबत असलाच पाहिजे. वीचे ऑनलाइन दुकान २०१९ मध्ये आणि एक्सबॉक्स ३६० चे २०२४ मध्ये बंद झाले, त्यामुळे या यंत्रांसाठी खेळांच्या डिस्कच मिळवाव्या लागतात.

५. टीव्ही, सेन्सर आणि उजेड

यंत्र जोडल्यावर सर्वप्रथम टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ सुरू करा. आजचे टीव्ही चित्र सुधारण्यासाठी क्षणभर थांबतात. मालिका पाहताना ते जाणवत नाही, परंतु बॅडमिंटनमध्ये तुम्ही हात हलवल्यानंतर रॅकेट उशिरा फिरते आणि आपल्यालाच खेळ जमत नाही असे वाटू लागते. माझी आई दोन दिवस हेच समजून खिन्न झाली होती. गेम मोड सुरू केल्यावर तिचे फटके लागू लागले.

स्विचचा डॉक, म्हणजे तो टीव्हीला जोडणारा स्टँड, टीव्हीच्या मागे लपवू नका, लोखंडी कपाटात किंवा फिशटँकच्या शेजारी ठेवू नका. कंट्रोलर बिनतारी असल्यामुळे धातू आणि पाणी मध्ये आले की त्यांचा संपर्क अडखळतो. वीची पट्टी टीव्हीच्या मध्यरेषेवर, समोरच्या कडेपर्यंत पुढे ओढून ठेवावी. काइनेक्ट जमिनीपासून २ ते ६ फूट उंचीवर, हलणार नाही अशा जागी ठेवावे; स्पीकरवर ठेवल्यास त्याच्या कंपनांमुळे ते चुकते.

उजेडाचा प्रश्न प्रत्येक यंत्रासाठी वेगळा आहे. पश्चिमेच्या गॅलरीतून संध्याकाळी पाच वाजता हॉलमध्ये येणारे ऊन थेट खेळाडूच्या अंगावर पडत असेल तर काइनेक्टला आकृती ओळखणे जड जाते, म्हणून जाड पडदा लावावा. वीच्या बाबतीत टीव्हीच्या बाजूचा उजेड त्रास देतो, कारण कॅमेरा रिमोटमध्ये आहे. आमच्या शेजाऱ्यांकडे टीव्हीच्या बाजूलाच देवघर आहे. तिन्हीसांजेला समई लावली की त्यांच्या पडद्यावरचा हात थरथरू लागायचा. ज्योतीतूनही अवरक्त प्रकाश निघतो आणि रिमोटला तो पट्टीचाच एक दिवा वाटतो. त्यांनी दिवेलागणीनंतर अर्धा तास खेळ बंद ठेवण्याचा नियम केला. पॉलिश केलेली फरशी आणि शोकेसची काच यांतून पट्टीचे प्रतिबिंब दिसले तरी असेच घडते. काचेवर कापड टाकून पाहा. मूव्हचा कॅमेरा रंगीत गोळा शोधत असतो, म्हणून गणपतीत मखराची रोषणाई किंवा दिवाळीत माळा खेळाडूच्या मागे असतील तर खेळण्यापुरत्या त्या बंद कराव्यात.

६. छताचा पंखा

ही पायरी मी स्वतंत्र ठेवली आहे, कारण या खेळांसोबत येणाऱ्या सूचनापत्रांत टीपॉय आणि माणसांपासून दूर राहा असे लिहिलेले असते, पण आपल्या घरातील सर्वांत धोकादायक वस्तूचा उल्लेख मला त्यांत आढळला नाही.

आपल्याकडील नेहमीच्या पंख्याचा घेर १२०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे चार फूट असतो आणि तो हॉलच्या अगदी मध्यभागी टांगलेला असतो. खेळणाराही मध्यभागीच उभा राहतो. आमचे छत साडेनऊ फुटांवर आहे आणि पंख्याची पाती त्याखाली फूटभर, म्हणजे साडेआठ फुटांवर फिरतात. पावणेसहा फूट उंचीच्या माणसाने हात वर केला तर बोटे साडेसात फुटांच्या जवळ जातात. त्यात हातातील कंट्रोलर आणि स्मॅश मारण्यासाठी घेतलेली उडी मिळवा. ज्या जुन्या इमारतींत छत याहून खाली आहे किंवा पंख्याची दांडी लांब आहे, तेथे उडीचीही गरज नाही.

आमच्या भाच्याने व्हॉलीबॉल खेळताना उंच उडी घेतली आणि कंट्रोलर पात्याच्या कडेवर आदळला. मे महिना असूनही पंखा त्या वेळी बंद होता, कारण पाच मिनिटांपूर्वी वीज गेली होती आणि नुकत्याच आलेल्या विजेवर आम्ही फक्त टीव्ही सुरू केला होता. पाते अर्धा फेरा फिरून थांबले. कंट्रोलरच्या कोपऱ्याला पडलेली खोक मी अजून अधूनमधून पाहते.

म्हणून हे करा. स्टुलावर चढून, पंखा बंद असताना, पात्यांपासून फरशीपर्यंतची उंची मोजा. घरातील सर्वांत उंच माणसाला कंट्रोलर हातात देऊन टाचा उंचावून हात वर करायला सांगा आणि तीही उंची मोजा. दोन्हींत दोन फुटांपेक्षा कमी अंतर असेल तर बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, टेनिसची सर्व्हिस असे डोक्यावरून हात नेण्याचे खेळ पंख्याखाली खेळू नयेत, किंवा पंखा बंद केल्याशिवाय सुरूच करू नयेत. पंख्याच्या घेराची सावली पडेल तेथे फरशीवर रंगाऱ्यांची कागदी टेप लावून गोल काढा आणि उभे राहण्याची जागा त्याच्या बाहेर ठरवा. उन्हाळ्यात पंख्याशिवाय खेळणे कठीण असते, तेव्हा सकाळची वेळ निवडा किंवा टेबल फॅन बाजूला लावा. त्याची वायर मात्र पायात येणार नाही अशी भिंतीकडेने न्या.

७. फरशी आणि खालचा मजला

मोज्यांनी खेळू नका. गुळगुळीत फरशीवर पाय सटकतो. सतरंजी त्याहून वाईट, कारण ती पायासकट सरकते. अनवाणी, किंवा खाली चिकटून राहणारी रबरी योगा मॅट अंथरून खेळणे सर्वांत चांगले.

आवाजाबाबत मी सुरुवातीला बेफिकीर होते. आम्हाला हॉलमध्ये उड्यांचा आवाज फारसा जाणवत नव्हता. खालच्या काकूंनी कधी तक्रार केली नाही, पण एकदा जिन्यात भेटल्यावर त्यांनी ‘हल्ली दुपारी काही कामकाज चाललंय का वर?’ असे विचारले. त्या दिवशी मी मुलाला वर उड्या मारायला सांगून त्यांच्या हॉलमध्ये जाऊन बसले. प्रत्येक उडीला त्यांच्या शोकेसमधील कपबश्या किणकिणत होत्या आणि आतल्या खोलीत काका झोपण्याचा प्रयत्न करत होते. मला फार वाईट वाटले. तुम्हीही ही चाचणी करावी. खाली राहणाऱ्यांना विचारण्यापेक्षा त्यांच्या घरात बसून स्वतः ऐकणे जास्त खरे असते.

त्यानंतर आम्ही दुपारी एक ते चार आणि रात्री नऊनंतर उडीचे खेळ पूर्ण बंद केले. मॅट दुहेरी केली, त्याने आवाज थोडा कमी झाला, थांबला नाही. स्विचवरील व्यायामाच्या ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक शांत पद्धत आहे. ती सुरू केली की जागेवर धावण्याऐवजी गुडघे हलके वाकवून खेळ पुढे नेता येतो. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. मांड्यांना व्यायाम भरपूर होतो आणि खाली काहीही ऐकू जात नाही.

८. पहिला दिवस

सुरुवातीला मनगटाचा पट्टा. हा शोभेचा नाही. वी बाजारात आल्यानंतर काही आठवड्यांतच रिमोट हातातून निसटून टीव्हीवर आदळल्याच्या तक्रारी आल्या आणि डिसेंबर २००६ मध्ये निन्टेंडोने सुमारे ३२ लाख पट्टे बदलून जाड पट्टे देण्याचे जाहीर केले. पट्टा मनगटात घालून त्यावरील लॉक सरकवून घट्ट करा. नुसता अडकवलेला पट्टा झटक्यासरशी निघतो. जॉय-कॉनचा पट्टा बसवताना त्यावरील अधिक किंवा उणे हे चिन्ह कंट्रोलरवरील चिन्हाशी जुळवा. उलटा बसवला तर तो अडकतो आणि काढताना जीव मेटाकुटीला येतो. हाताला घाम येत असेल तर दर दोन डावांनी हात पुसावेत.

मग कंट्रोलर जुळवून घ्या. स्विचच्या सेटिंगमध्ये कंट्रोलर व सेन्सर या विभागात हालचालीचे कॅलिब्रेशन आहे. त्या वेळी कंट्रोलर सपाट टेबलावर ठेवून त्याला हात लावू नये. काही दिवसांनी पडद्यावरचा नेम आपोआप एका बाजूला सरकू लागला तर यंत्र बिघडले असे समजून दुकानात धावू नका, हेच पुन्हा करा.

पहिला खेळ बोलिंगचा निवडा. त्यात एका वेळी एकाच जणाने खेळले तरी चालते, हात फक्त खालून पुढे येतो, उडी नाही आणि पंख्याचा संबंध नाही. निन्टेंडो स्विच स्पोर्ट्समध्येही तो आहे. नवख्या माणसाला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते: चेंडू सोडताना कंट्रोलर हातातून सोडायचा नाही. शरीराला चेंडू फेकण्याची सवय असल्यामुळे मूठ आपोआप उघडते, आणि पट्टा नसेल तर पुढे टीव्ही आहे.

दोघांना एकत्र टेनिस खेळायचे असेल तर आमच्यासारख्या हॉलमध्ये दोन वर्तुळे शेजारी मावत नाहीत. एकाने पुढे डावीकडे आणि दुसऱ्याने मागे उजवीकडे असे तिरके उभे राहावे, उजव्या हाताने खेळणारा उजवीकडे ठेवावा म्हणजे त्याचा हात बाहेरच्या बाजूला फिरतो, आणि दोघांनीही कोपर अंगाजवळ ठेवण्याचा नियम पाळावा. पाहणाऱ्यांनी सोफ्यावर पाय वर घेऊन बसावे. लहान मुले अचानक मागून धावत येतात. खेळणाऱ्याचे डोळे टीव्हीवर असल्यामुळे त्याला ती दिसत नाहीत, म्हणून मुलांकडे लक्ष ठेवण्याचे काम एका न खेळणाऱ्या माणसाकडे स्पष्टपणे सोपवावे. तासाभराच्या खेळानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पहिल्या दिवशी तर अर्ध्या तासावर जाऊ नये. दुसऱ्या सकाळी खांदा दुखतो तो नेहमी उत्साहाच्या भरात पूर्ण ताकदीने हात फिरवणाऱ्यांचा.

ज्येष्ठांना उभे राहण्याचा आग्रह करू नका. हातातील सेन्सरला तुम्ही उभे आहात की बसलेले हे कळत नाही, त्यामुळे बोलिंग आणि टेनिस दोन्ही खुर्चीत बसून खेळता येतात. खुर्ची हात नसलेली असावी, नाहीतर कोपर लागते. माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे आणि ती स्वयंपाकघरातील प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून रोज संध्याकाळी बोलिंगचे दोन डाव खेळते. स्टुलाचे चार पाय कोठे यायचे, त्याच्या खुणा फरशीवर टेपने केलेल्या आहेत. केर काढताना त्या निघाल्या की ती स्वतःच टेप मागून घेऊन पुन्हा लावते.